छिन्नमनस्कता : दोष कोणाचा नव्हे, भार कोणाचा?

१९९४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले, त्यांत प्रिन्स्टनचे गणिती जॉन नॅश यांचे नाव होते. प्रतिस्पर्धी परस्परांच्या चालींचा अंदाज घेऊन निर्णय करतात, तेव्हा ज्या स्थितीत कोणालाही एकट्याने आपली चाल बदलून लाभ होत नाही, त्या स्थितीला अर्थशास्त्रात ‘नॅश समतोल’ म्हणतात. तेलाच्या उत्पादनावर मर्यादा घालणाऱ्या राष्ट्रांपासून एकाच पेठेत समोरासमोर दुकाने मांडणाऱ्या व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांचे वर्तन उलगडण्यासाठी ही कल्पना आज पदवीच्या वर्गातही शिकविली जाते. नॅश यांनी ती १९५० साली मांडली, तेव्हा त्यांनी वयाची बावीस वर्षेही पुरी केली नव्हती. कल्पना आणि पारितोषिक यांच्यामध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली, आणि त्यांतील बराच मोठा काळ छिन्नमनस्कता या आजाराने गिळला.

१९५९ च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर, या आजाराने त्यांना गाठले. वृत्तपत्रांतून परग्रहावरील शक्ती आपल्याला सांकेतिक संदेश धाडीत आहेत, असे ते सांगू लागले. शिकागो विद्यापीठाने देऊ केलेली प्राध्यापकाची जागा त्यांनी नाकारली, ती आपण अंटार्क्टिकाचे सम्राट होणार आहोत या कारणास्तव. तर्काला वाहिलेल्या गणितज्ञाने असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवला, असे एका स्नेह्याने रुग्णालयात विचारले. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, गणितातल्या कल्पना मला जशा सुचत गेल्या तशाच याही सुचल्या. म्हणून मी त्या गंभीरपणे घेतल्या.

या आजाराचे मर्म या उत्तरात आहे. बुद्धी मंद होणे किंवा इच्छाशक्ती दुबळी असणे म्हणजे छिन्नमनस्कता नव्हे. खऱ्याखोट्याची पारख ज्या मनाने करावयाची, त्या मनाचा काटाच बिघडतो, आणि तो बिघडला आहे हे सांगणारे दुसरे साधन माणसाजवळ नसते.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा आजार बहुधा ज्या वयात प्रथम डोके वर काढतो, ते वय महाविद्यालयाच्या बाकांवर बसणाऱ्यांचे आहे. दुसरे असे की, त्याचा खर्च कोणाच्याही ताळेबंदात दिसत नाही. आणि न दिसणारा खर्च कोणाच्या तरी डोक्यावर बसतो, हे दाखवून देणे हेच अर्थशास्त्राचे काम आहे.

नावाची गफलत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी ऐन तारुण्यात मनाची घसरण घडविणाऱ्या विकारांना एकत्र आणून त्यांना ‘अकाली बुद्धिऱ्हास’ अशा अर्थाचे नाव दिले. हा आजार वाढतच जाणार, असे त्या नावातच गृहीत होते. स्वित्झर्लंडमधील ऑयगेन ब्लॉयलर यांना ते पटले नाही. सगळेच रुग्ण खालावत नाहीत आणि बुद्धीचा ऱ्हास हे या विकाराचे मूळ नव्हे, असे त्यांनी पाहिले होते. १९०८ साली त्यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द योजला. दुभंगणे आणि मन अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे.

या शब्दाने पुढे वेगळाच गैरसमज पसरविला. एकाच देहात दोन माणसे नांदतात, सकाळी साधू आणि रात्री सैतान, असे कथाकादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून रंगविले गेले. वस्तुतः ब्लॉयलर यांना अभिप्रेत असलेला दुभंग दोन व्यक्तिमत्त्वांतला नव्हता. विचार, भावना आणि कृती यांची एरवी एकत्र बांधलेली मोळी सुटते, असे त्यांना म्हणावयाचे होते. सरकारच्या परस्परविरोधी धोरणांना ‘स्किझोफ्रेनिक’ म्हणण्याची खोड आमच्याही व्यवसायातील लिहिणाऱ्यांना आहे. ती सुटली तर बरे.

लक्षणांचे स्वरूप

या आजाराची लक्षणे स्थूलमानाने तीन गटांत विभागतात. पहिल्या गटात, जे निरोगी माणसात नसते ते येऊन ठाकते. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात. हे आवाज बहुधा माणसांचे असतात. ते नावे ठेवतात, हुकूम सोडतात, किंवा रुग्णाच्या प्रत्येक हालचालीचे वर्णन करीत राहतात. हे भास झाले. त्यांच्या जोडीला भ्रम येतात : शेजारी अन्नात विष कालवतात, आकाशवाणीवरचा निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो, डोक्यातले विचार कोणीतरी काढून घेते किंवा बाहेरून घालते. बोलण्यातले दुवे निसटतात आणि वाक्य एका गावाला निघून दुसऱ्याच गावी पोहोचते.

दुसऱ्या गटातील लक्षणे उणेपणाची आहेत. बोलणे आटते. चेहऱ्यावर सुखदुःखाची रेषा उमटत नाही. मित्र, क्रिकेट, गाणे यांतली गोडी नाहीशी होते. अंघोळ करणे, कपडे बदलणे हेही डोंगराएवढे काम वाटू लागते. तिसऱ्या गटात अवधान, स्मरण आणि नियोजन यांची हानी येते. वाचलेले ध्यानात राहत नाही आणि चार पायऱ्यांचे काम दुसऱ्याच पायरीवर अडते.

पहिल्या गटातील लक्षणे लोकांच्या नजरेत भरतात, म्हणून आजार म्हटला की तीच आठवतात. परंतु माणसाचे शिक्षण आणि नोकरी हिरावून घेतात ती बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या गटातील लक्षणे. दुर्दैव असे की, ती आजार म्हणून ओळखलीच जात नाहीत. त्यांना घरात आळस म्हणतात, वर्गात बेपर्वाई आणि कचेरीत कामचुकारपणा. आवाज ऐकू येणाऱ्याची निदान दया तरी येते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्याच्या वाट्याला बोलणीच येतात.

पुरुषांमध्ये हा आजार साधारणपणे विशीच्या आगेमागे आणि स्त्रियांमध्ये काही वर्षे उशिरा सुरू होतो. जगभरात सव्वादोन ते अडीच कोटी माणसे त्याने ग्रस्त असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे साधारणतः तीनशे ते साडेतीनशे माणसांमागे एक. मोठ्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असा एखादा विद्यार्थी असणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. रुग्ण म्हणजे हिंसक माणूस, ही समजूतही तपासून घ्यावी. बहुसंख्य रुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. मारहाणीला आणि फसवणुकीला तेच अधिक बळी पडतात.

कारणांचा शोध आणि आरोपीचा शोध

कारण शोधता शोधता आरोपी शोधण्याची वाट माणसे किती सहज धरतात, हे या आजाराच्या इतिहासात दिसते. आपल्याकडे कोणी करणी म्हणाले, कोणी बाहेरची बाधा, कोणी पूर्वजन्मीचे पाप. परंतु पाश्चात्त्य विद्वानांनी फार वेगळे केले, असेही नाही. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी मुलाला छिन्नमनस्क बनविणारी माता ही कल्पना मांडली. ममता न दाखविणारी आणि तरीही मुलाला मुठीत ठेवणारी आई हे या विकाराचे उगमस्थान आहे, असे त्यानंतर दोन दशके शिकविले गेले. या सिद्धांताला भक्कम पुरावा कधीच मिळाला नाही आणि आज तो टाकून दिलेला आहे. पण मधल्या काळात किती मातांनी आपल्या आजारी मुलाच्या उशाशी बसून स्वतःलाच गुन्हेगार मानले असेल, याची गणती कोण करणार?

आज जे ठाऊक आहे ते असे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता सुमारे एक टक्का धरली, तर सख्ख्या भावाला किंवा बहिणीला तो असल्यास ती नऊ-दहा टक्क्यांपर्यंत जाते. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता चाळीस ते पन्नास टक्के असते, असे जुने अभ्यास सांगतात. याच आकड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आनुवंशिक घटक तंतोतंत तेच असूनही निम्म्याहून अधिक जुळी भावंडे या आजारापासून मुक्त राहतात. तेव्हा आनुवंशिकता म्हणजे अटळ विधिलिखित नव्हे. एकच दुष्ट जनुक यामागे नाही. प्रत्येकी अल्प परिणाम करणारे शेकडो जनुकीय फरक आहेत.

उरलेला भाग जगाकडून येतो, आणि त्यात इतिहासाचाही हात असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नाकेबंदी केल्यामुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या भुकेच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षांत आन्हुई प्रांतात जन्मलेल्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातूनही तसाच निष्कर्ष निघाला. हे दोन्ही दुष्काळ केवळ निसर्गाने आणलेले नव्हते. एक युद्धाने आणला आणि दुसऱ्यात चुकीच्या आर्थिक धोरणाचा मोठा वाटा होता. गर्भवती स्त्रीच्या ताटातील भाकरीचा संबंध तिच्या मुलाच्या वीस वर्षांनंतरच्या मनःस्वास्थ्याशी असू शकतो, ही गोष्ट अर्थसंकल्प करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दारिद्र्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९३९ साली फॅरिस आणि डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, शिकागोत या आजाराचे रुग्ण शहराच्या मध्यभागातील दरिद्री वस्त्यांतून अधिक येतात. दारिद्र्य माणसाला आजारी पाडते, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. परंतु १९६३ मध्ये गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी इंग्लंड-वेल्समधील रुग्णांबरोबर त्यांच्या वडिलांचे व्यवसायही तपासले. रुग्ण खालच्या आर्थिक वर्गात गोळा झालेले होते. वडील मात्र समाजातील सर्व वर्गांत सर्वसाधारण प्रमाणात विखुरलेले होते. म्हणजे गरिबीने आजार आणला, याहून आजाराने गरिबी आणली हे अधिक खरे होते. पुढील संशोधनाने दुसऱ्या बाजूलाही काही तथ्य असल्याचे दाखविले. युरोपात मोठ्या शहरात बालपण घालविणे, स्थलांतरित म्हणून परक्या समाजात उपेक्षेने जगणे, यांनी धोका वाढतो असे आढळले आहे. गांजाचाही उल्लेख केला पाहिजे. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गांजाचे भारी सेवन करणाऱ्यांमध्ये हा आजार इतरांच्या सुमारे सहापट आढळला. ज्यांच्या घराण्यात हा आजार आहे, अशा तरुणांनी तरी या मौजेपासून दूर राहावे.

कारणांच्या या यादीत आईचा स्वभाव नाही, वडिलांची शिस्त नाही, परीक्षेतील अपयश नाही आणि शेजारणीची नजरही नाही. ताणाने आजार उफाळतो, हे खरे. पण ठिणगीला दारूगोळा म्हणता येत नाही.

औषधांची कथा

उपचारांच्या इतिहासात भारताचेही एक पान आहे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांवर वैद्यकीय निबंध लिहिला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाकडे ब्रिटिश नियतकालिकातून जगाचे लक्ष वेधले, आणि १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा प्रयोग मनोरुग्णांवर केला. वर्षानुवर्षे कोठडीत आरडाओरडा करणारी माणसे शांत होऊन बोलू लागली. पुढे रेसर्पिन मागे पडले आणि क्लोरप्रोमॅझिनचा वंश वाढला. ही औषधे मेंदूतील डोपामिन या रासायनिक द्रव्याच्या कार्याला आवर घालतात, हे स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांच्या संशोधनातून उलगडत गेले. डोपामिनवरील त्यांच्या मूलभूत कार्याला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधे जादू करीत नाहीत. भास आणि भ्रम यांवर ती बऱ्यापैकी चालतात, उणेपणाच्या लक्षणांवर फारच थोडी. हातपाय कापणे, वजन वाढणे, मधुमेहाकडे झुकणे असे त्यांचे दुष्परिणाम आहेत. त्यांना कंटाळून किंवा बरे वाटले म्हणून रुग्ण औषध सोडतो आणि काही महिन्यांत आजार उलटतो. इतर औषधांनी गुण न आल्यास क्लोझापिन हे औषध उपयोगी पडते. मात्र त्यासाठी नियमित रक्ततपासणी करावी लागते. तरीही चित्र निराशेचे नाही. तीनांपैकी निदान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि इतर अनेकांना औषध, समुपदेशन व पेलवेल असे काम यांच्या आधाराने समाधानाने जगता येते. सुरुवातीचा विनाउपचार काळ जितका लांबतो, तितका पुढचा मार्ग कठीण होतो. भारतात हा काळ देवऋषी, गंडेदोरे आणि ‘लग्न करून दिले की ताळ्यावर येईल’ या तोडग्यात जातो. या शेवटच्या तोडग्याने आजार हटत नाही. फक्त काहीही न सांगता बोहल्यावर चढविलेला आणखी एक निष्पाप जीव त्यात ओढला जातो.

हिशेबात न येणारा खर्च

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत या आजाराची पाहणी सुरू केली. भारतातील केंद्र आग्रा येथे होते. काही वर्षांनी पुन्हा पाहिले असता भारत आणि नायजेरिया येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली आढळली. आपल्याकडे रुग्ण घरातच राहतो, शेतावर किंवा दुकानात त्याला झेपेल ते काम मिळते, घरच्यांची टीका बोचरी नसते, अशी कारणे सांगितली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर शंका घेतल्या आहेत. परंतु कुटुंबाच्या आधाराचे मोल कोणी नाकारलेले नाही.

येथेच अर्थशास्त्राच्या अध्यापकाला थांबावेसे वाटते. घर रुग्णाला सांभाळते, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण घर म्हणजे कोण? बहुतेक वेळा आई, पत्नी किंवा अविवाहित राहिलेली बहीण. ती नोकरी सोडते, रात्री जागते, औषधाच्या गोळ्या मोजते, नातलगांच्या लग्नांना जाणे टाळते. माणसाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखविली होती. काम तेच राहते, पण पगार थांबल्यामुळे ते गणनेतून गळते. छिन्नमनस्क मुलाच्या आईचे तीस वर्षांचे श्रम असेच गणनेबाहेर आहेत. म्हणून शासनाला ते फुकट वाटतात, आणि जे फुकट मिळते त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद कोणी करीत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, मानसिक आजार असलेल्या दर शंभरांपैकी सत्तरहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पडत नाही. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु दीर्घ मुदतीच्या आजाराला घराजवळचा दवाखाना, दिवसभराचे पुनर्वसन केंद्र आणि सोसेल असे काम लागते. सोय नसली की माणसे कोठे जातात, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नव्हते.

त्यानंतर कायदे सुधारले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ पासून अंमलात आला, शासकीय उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला, रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. २०१६ च्या कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या सवलतींत स्थान दिले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. परंतु हक्क कागदावर लिहिल्याने डॉक्टर निर्माण होत नाहीत. त्याला पैसा लागतो.

आणि पैशाआधी माणसांची जाणीव लागते. नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नाहीत. हा दुर्मीळ अपवाद आहे, अनुकरणाचा धडा नव्हे. त्यांच्या कथेतील शिकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. घटस्फोट होऊनही अ‍ॅलिशिया यांनी त्यांना १९७० मध्ये आपल्या घरात आसरा दिला, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाने फळ्यांवर गूढ आकडे लिहीत फिरणाऱ्या या माणसाला आवारातून हाकलले नाही. एका स्त्रीने आणि एका संस्थेने मिळून तो भार वाहिला. आपल्याकडे ती स्त्री बहुधा असते. संस्था मात्र क्वचितच असते.

ती संस्था म्हणजे केवळ शासन नव्हे. हुशार विद्यार्थी एकाएकी मागे पडला, वर्गात एकटा बसू लागला, झोप उडालेल्या चेहऱ्याने कोणावर तरी संशय घेऊ लागला, तर गैरहजेरीची नोटीस धाडण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या घरी जाऊन यावे. त्याच्या भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला दुजोराही देऊ नये. त्याची भीती मात्र खरी मानावी आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाची वाट दाखवावी. आजारातून उठून कामावर परतलेल्या सहकाऱ्याला कचेरीने आरंभी हलके काम द्यावे आणि त्याच्या पाठीमागे कुजबुज करू नये. विद्यार्थ्यांनी आपल्या मित्राला ‘वेडा’ म्हणून गटाबाहेर टाकू नये.

दोष कोणाचा, हा प्रश्न विचारून गेल्या शतकात काही हाती लागले नाही, आयांची मने मात्र पोळली. भार कोणाचा, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाच नाही. तो विचारला, तर त्याचे उत्तर एका घराच्या उंबरठ्याच्या आत संपणार नाही.